इंग्लंडचे फुटबॉलवाले परदेशात गेले की बिथरतात का?

मध्यरेषा

मंडळी, ऑफिसात जेवताना एका इंग्लिश सहकाऱ्याशी वाद झाला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

माणूस एरवी सज्जन. रांगेत दुसरा घुसला तर हाच "सॉरी" म्हणेल, असा. फुटबॉलचा विषय निघाला आणि मी सहज म्हटलं की तुमचे लोक जातात तिथे खुर्च्या उडतात. तर म्हणे, "ते खरे चाहते नव्हेतच." हे मला पटत नाही. १९९८ला फ्रान्समधलं मार्सेय, २०००ला बेल्जियममधलं शार्लरुआ, २०१६ला परत मार्सेय. दर वेळी हे खोटे चाहते सुट्टी टाकून, तिकिटं काढून, इंग्लंडचा सेंट जॉर्जचा झेंडा गुंडाळून बरोब्बर पोचतात कसे? आणि हेच लोक इंग्लंडात आपापल्या नंबरच्या खुर्चीवर बसतात, रेफरीच्या आईचा उद्धार करतात आणि घरी जातात. मग इंग्लिश खाडी ओलांडली की काय होतं?

माझं मत: साम्राज्य गेलं, साहेबी गेली नाही. दुसऱ्याच्या गावच्या चौकात उभं राहून बोंबलणं हा यांना जन्मसिद्ध हक्क वाटतो. असहमत असाल तर खुशाल लिहा, पण नुसतं "दारू" हे उत्तर नको.

टवाळ

दारू.

लावा कुलूप धाग्याला.

अर्धविराम

टवाळराव, दारूवर डेन्मार्कवाले इंग्लंडला ऐकणार नाहीत. तोंडं रंगवून, प्लास्टिकची शिंगं लावून येतात, बियरचे ट्रे संपवतात आणि हरल्यावर समोरच्याच्या गळ्यात पडतात.

माझ्या मते खरी गंमत स्कॉटलंडची आहे. १९७७ साली वेम्बलीवर इंग्लंडला २-१ हरवल्यावर स्कॉटिश लोक मैदानात उतरले, गोलपोस्ट मोडला, हिरवळीचे तुकडे उपटून घरी नेले. म्हणजे तेव्हा तेही काही संत नव्हते. ऐंशीच्या दशकात इंग्लिश चाहत्यांची युरोपभर छी-थू व्हायला लागली आणि स्कॉटिश मंडळींनी ठरवूनच टाकलं की आपण यांच्यासारखे नाही हे जगाला दिसलं पाहिजे. किल्ट, बॅगपाइप, पोलिसांबरोबर फोटो. १९९८च्या फ्रान्स विश्वचषकात तेही होते आणि इंग्लंडही होतं. तीच बियर, तेच ऊन, तेच फ्रेंच पोलीस. एकाला टाळ्या, दुसऱ्याला अश्रुधूर.

लीड्सकर

इकडे यॉर्कशरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी धाग्याच्या पायावरच कुदळ मारतो. "परदेशातच" हे खरं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात इंग्लंडात दर शनिवारी हेच चालायचं. रेल्वेचे डबे फोडायचे, सामन्याआधी गल्ल्यांत हाणामाऱ्या, मैदानाभोवती पिंजऱ्यासारखी कुंपणं. मार्च १९८५मध्ये मिलवॉल क्लबाच्या लोकांनी लूटनच्या मैदानावर उपटलेल्या खुर्च्या पोलिसांवर फेकल्या, ती दृश्यं टीव्हीवर अख्ख्या देशाने पाहिली.

प्रत्येक मोठ्या क्लबाची एक "फर्म", म्हणजे मारामाऱ्या करणाऱ्यांची टोळी, असायची. वेस्ट हॅमची इंटर सिटी फर्म, चेल्सीचे हेडहंटर्स, मिलवॉलचे बुशव्हॅकर्स. इंटर सिटी नाव रेल्वेवरून पडलं. पोलीस चाहत्यांच्या स्पेशल गाड्यांवर नजर ठेवायचे, म्हणून हे पठ्ठे साध्या इंटरसिटी गाडीचं तिकीट काढून सभ्य कपड्यांत जायचे. मारलेल्या माणसाच्या अंगावर छापील व्हिजिटिंग कार्ड टाकायचे, त्यावर "अभिनंदन, आमची भेट झाली" अशा अर्थाचा मजकूर. आता सांगा, कार्ड छापून घेणारा माणूस दारूच्या नशेत आहे का?

कपड्यांचंही तसंच. क्लबाचा मफलर गळ्यात नाही, महागडे इटालियन-फ्रेंच स्पोर्ट्सवेअर अंगात. लिव्हरपूलची पोरं युरोपात सामन्याला जाऊन येताना दुकानांतून हे कपडे आणायची. काही विकत घेऊन, बरेचसे न घेता.

नंतर घरी नाकेबंदी झाली. कॅमेरे आले, मोठ्या मैदानांत उभं राहायचे कठडे जाऊन खुर्च्या आल्या, तिकिटं महागली, क्लबागणिक ओळखीचे चेहरे टिपणारे पोलीस आले. परदेशात यातलं काहीच नव्हतं. बेल्जियमच्या हवालदाराला काय माहीत, मिलवॉलचा कोण आणि शाळामास्तर कोण? परदेशी जाऊन बिथरत नाहीत. घरी जे करता येईना, ते तिथे करतात.

जुनीपेठ

हेझेल मैदानाचं नाव अजून कसं आलं नाही?

२९ मे १९८५, ब्रुसेल्स, युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. लिव्हरपूलवाले मधलं तकलादू कुंपण ओलांडून शेजारच्या भागात घुसले, तिथले लोक मागे रेटले गेले, भिंत कोसळली. ३९ माणसं गेली, बहुतेक इटालियन. त्यात लहान मुलंही होती. आणि एवढं झाल्यावर सामना खेळवला! प्लॅटिनीने पेनल्टीवर गोल केला, युव्हेंटसला कप मिळाला. तो कप कसा उचलला असेल देव जाणे.

इंग्लिश क्लबांना युरोपातून पाच वर्षं हद्दपार केलं, लिव्हरपूलला सहा. पुढे लिव्हरपूलचे १४ जण सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. मैदान मोडकळीला आलं होतं, बंदोबस्त ढिसाळ होता, हे सगळं मान्य. पण धावून कोण गेलं?

टवाळ

आणि चारच वर्षांनी हिल्सबरो. तीच लिव्हरपूलची गँग. सवय जात नाही.

लीड्सकर

टवाळ, हे मस्करीतही लिहू नका. हिल्सबरोला दंगल झालीच नव्हती. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड. पोलिसांनी बाहेरचं गेट उघडलं आणि आधीच भरलेल्या पिंजऱ्याकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. माणसं कुंपणाला चिरडून मेली, मृतांचा आकडा आज ९७ आहे. पोलिसांनी दोष दारुड्या चाहत्यांवर ढकलला, जबान्या बदलल्या, आणि एका खपाऊ वर्तमानपत्राने ते पहिल्या पानावर छापलं. "चाहत्यांची चूक नव्हती" एवढं ज्यूरीकडून वदवून घ्यायला घरच्यांना २०१६पर्यंत भांडावं लागलं. लिव्हरपूलमध्ये ते वर्तमानपत्र आजही बरेच लोक हातात धरत नाहीत.

आणि ते खोटं लोकांच्या गळी का उतरलं? तर हेझेलमुळे. फुटबॉलवाला म्हणजे गुंड, हे आधीच ठरलेलं होतं.

पेठेतला_बॅकी

कोल्हापूरचा आहे, म्हणून तोंड घालतोय. आमच्यात पेठेपेठेची तालीम, तालमीची टीम आणि टीमच्या मागं अख्खी पेठ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानं अर्धी शटर. राडा आमच्यातही होतोय, खोटं कशाला बोलू. दगड, चपला, सगळं.

पण एक सांगतो. राडा करणारं पोरगं पाच वाजता दगड उचलतंय आणि सात वाजता त्याच्या आज्जीला कळलेलं असतंय. चौकात चार माणसं धरून विचारतात, "कुणाचा रं तू?" त्या भीतीनं निम्मी गप्प बसतात. मार्सेयच्या चौकात "कुणाचा तू" विचारणारं कोण हाय? बापाला माहीत नाही, साहेबाला माहीत नाही. दोन दिवसांचा राजा, मग विमान. साम्राज्य वगैरे ठेवा बाजूला भावांनो, ओळख नसली की माणूस सुटतोय.

सदाफुली

बॅकी, मस्त लिहिलंत! आज्जी लई आवडली.

नीरजा_स

लीड्सकर आणि बॅकी यांच्या मधलं काहीतरी लिहिते. एम.ए.ला समाजशास्त्र होतं, तेव्हा यावर बरंच वाचलं होतं.

इंग्लंडात यावर भांडणं जुनी आहेत. इयान टेलर यांचं म्हणणं होतं की फुटबॉल कामगारांचा होता. क्लबाचं व्यापारीकरण झालं, खेळाडू श्रीमंत होऊन वस्तीपासून तुटले, आणि ज्यांच्या हातातून क्लब निसटला त्यांनी गॅलरीत तरी आपलं राज्य चालवलं. लेस्टर विद्यापीठातल्या एरिक डनिंग आणि मंडळींनी वेगळं सांगितलं: कामगारवर्गाच्या खालच्या थरात मारामारीतली मर्दानगी हीच प्रतिष्ठा असते, फुटबॉलने तिला दर आठवड्याला आखाडा दिला. दोन्हींवर टीका झाली, कारण फर्ममध्ये चांगल्या पगाराची माणसंही सापडत होती.

मला सगळ्यात पटलेलं काम क्लिफर्ड स्टॉट यांचं. हे गृहस्थ १९९०च्या इटली विश्वचषकात स्वतः चाहत्यांत जाऊन राहिले. इंग्लंडला तेव्हा मुद्दाम सार्डिनिया बेटावर, काल्यारीत सामने दिले होते. मुख्य भूमीपासून लांब बरे, असा हिशोब. त्यांना दिसलं ते असं. बहुतेक लोक भांडायला आलेले नसतात. पण पोलीस पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एकाच काठीने हाकतात, स्थानिक पोरं इंग्लिश दिसला की अंगावर येतात, पोलीस बघत बसतात किंवा उलट यांनाच बडवतात. मग काल जो साधा प्रेक्षक फर्मवाल्यापासून चार हात दूर उभा होता, तो आज त्याच्या शेजारी उभा राहतो. "निदान हा आपल्या बाजूने तरी लढतोय." १९९८च्या मार्सेयमध्येही असंच झालं.

याचा पुरावा २००४च्या युरोत, पोर्तुगालमध्ये. सामन्यांची शहरं पीएसपी नावाच्या पोलीस दलाकडे होती. त्यांनी संशोधकांचं ऐकलं: साध्या गणवेशात जोडीजोडीने फिरणारे पोलीस, चाहत्यांशी गप्पा, दंगलपथक नजरेआड आणि कारवाई फक्त करणाऱ्यावर. तिथे इंग्लंडचे हजारो लोक असूनही मोठी दंगल झाली नाही. पण अल्बुफेरा हे समुद्रकिनाऱ्यावरचं पर्यटनगाव दुसऱ्या दलाकडे होतं, जीएनआरकडे. त्यांची पद्धत जुनी. तिथे मात्र दंगल झाली. देश तोच, स्पर्धा तीच, चाहतेही तेच.

जुनीपेठ

नीरजाताई, अभ्यास वाचला, आवडलाही. पण सगळं पोलिसांच्या माथी मारायचं म्हणजे जरा अतीच होतं. फेब्रुवारी १९९५, डब्लिन, लॅन्सडाउन रोड. आयर्लंड-इंग्लंड, मैत्रीपूर्ण सामना. नावापुरता मैत्रीपूर्ण. आयर्लंडने गोल केला आणि वरच्या गॅलरीतून बाकांच्या फळ्या उपटून खालच्या लोकांवर फेकायला सुरुवात. २७ मिनिटांत सामना गुंडाळला. तिथे आयरिश पोलिसांनी कोणाला डिवचलं होतं? त्यात कॉम्बॅट १८ या नवनाझी टोळीचे लोक होते. १८ म्हणजे इंग्रजीतलं पहिलं आणि आठवं अक्षर, हिटलरची आद्याक्षरं.

जर्मनीशी सामना असला की दहा जर्मन बॉम्बर पाडल्याचं गाणं. महायुद्ध संपून इतकी वर्षं झाली, गाणारा ज्याच्या जिवावर गातोय तो आजोबाही आता नसेल. मध्यरेषा यांचा साम्राज्याचा मुद्दा म्हणूनच मला अगदीच टाकाऊ वाटत नाही.

नीरजा_स

मारणारे नसतातच असं मी लिहिलेलं नाही. दोनशे असतात. त्यांचे दोन हजार कसे होतात, ते मी सांगत होते. डब्लिनला तर गुंड येणार अशी सूचना इंग्लिश गुप्तवार्तावाल्यांनी आधी दिली होती, तिचा उपयोग झाला नाही. म्हणजे तिथेही बंदोबस्ताचा प्रश्न होताच.

अर्धविराम

साम्राज्याचा मुद्दा मला टाकाऊच वाटतो. साम्राज्य डच लोकांचंही होतं. ते राष्ट्रीय संघाबरोबर भगव्या बसमागे नाचत जातात. (त्यांचे क्लबवाले मात्र वेगळी जमात, त्यांच्यापासून लांब राहा.) उलट १९९८लाच फ्रान्समधल्या लाँसमध्ये जर्मन गुंडांनी एका फ्रेंच जाँदार्मला (पोलिसाला) इतकं मारलं की तो कित्येक आठवडे कोमात होता. त्यावर "जर्मन माणूस मुळातच असा का" असे धागे निघत नाहीत.

टवाळ

माझा प्रश्न: मग बार्मी आर्मीचं, म्हणजे इंग्लंडच्या क्रिकेट चाहत्यांचं काय? तोच देश, तीच बियर, त्याहून कडक ऊन. तरी वानखेडेवर गोरे लोक टोप्या घालून ट्रम्पेट वाजवतात आणि आपल्याच पोरांबरोबर सेल्फी काढतात.

फुलटॉस

कसोटी पाच दिवसांची असते हो. तिसऱ्या दिवसापर्यंत भांडायचं त्राण कोणाला उरतंय?

लीड्सकर

फुलटॉस, हाहा. पण टवाळांनी पहिल्यांदाच कामाचं लिहिलंय. क्रिकेटला येणारा वयाने मोठा, खिशाने जड, हा एक भाग. दुसरं म्हणजे क्रिकेटमध्ये दोन्ही बाजू एकाच स्टँडात मिसळून बसतात. इंग्लिश फुटबॉलमध्ये पाहुण्या चाहत्यांचा कोपरा वेगळा, दार वेगळं, मधे पोलिसांची रांग, स्टेशनपर्यंत पोलिसांच्या गराड्यात वरात. लहानपणापासून दर शनिवारी हेच पाहिलेलं पोर मोठं झाल्यावर लिस्बनला जातं तेव्हा समोरच्या घोळक्याकडे कसं बघेल? स्वतःच्या गावाबाहेरचा प्रत्येक सामना म्हणजे शत्रूच्या गल्लीत पाऊल, असाच रियाज झालेला असतो.

लेस्टरची_लेक

बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज लिहिते. आई-बाबा सत्तरच्या दशकात इथे लेस्टरला आले. शनिवारी दुपारी सामना असला की बाबा बसने जायचे नाहीत आणि आम्हाला गावाच्या मध्यभागी जाऊ द्यायचे नाहीत. कोण जिंकलं ते आम्हाला आवाजावरून कळायचं, आणि दोन्ही वेळी दार बंदच असायचं. स्थलांतरितांच्या विरोधातल्या नॅशनल फ्रंट पक्षाचे लोक तेव्हा मैदानांबाहेर पत्रकं वाटायचे.

त्यामुळे "परदेशात का करतात" हा प्रश्न वाचून मला जरा हसू आलं. आमच्यासाठी ते नेहमी इथेच होतं.

आणि फार जुनं कशाला? ११ जुलै २०२१, युरोची फायनल, घरच्या वेम्बलीवर. बिनतिकिटाचे लोक दारं आणि अडथळे तोडून आत घुसले, अपंगांसाठीच्या प्रवेशद्वारातूनसुद्धा. पुढे चौकशी झाली, तिच्या अहवालात म्हटलं की जीव जाता जाता वाचले. आणि पेनल्टी हुकल्यावर रॅशफर्ड, सांचो, साका या तीन काळ्या पोरांना रात्रभर काय काय लिहिलं लोकांनी. आता मात्र माझा मुलगा लेस्टर सिटीचा सीझन तिकीटवाला आहे, आणि त्याच्या स्टँडात अर्ध्या गुजराती मावश्या असतात. म्हणजे बदललंय, बरंच बदललंय. पण बाबा अजून टीव्हीवरच बघतात.

सदाफुली

ताई, वाचून गप्प झाले. लिहीत राहा.

मध्यरेषा

सगळ्यांचे आभार. बॅकी आणि नीरजा यांचं पटलं. लेस्टरची लेक यांनी तर प्रश्नच उलटा केला. साम्राज्याचा हट्ट मी सोडत नाहीये, पण तो आता गाण्यांपुरता ठेवतो.

एक विचारायचं राहिलं. पासपोर्ट काढून घेतात असं ऐकलं होतं, ते खरं का? आणि २०१६ला मग काय झालं?

लीड्सकर

खरं आहे. शार्लरुआनंतर यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, धमकीच दिली की पुन्हा असं झालं तर इंग्लंडला स्पर्धेतून काढू. त्या वर्षीच संसदेने घाईघाईने कायदा केला. कोर्ट बंदी घालतं, किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त दहा. मोठ्या स्पर्धेआधी पासपोर्ट पोलीस ठाण्यात जमा करायचा, स्पर्धा संपली की परत. वादाचा भाग असा की आधी गुन्हा सिद्ध झालेला नसला तरी पोलिसांच्या अर्जावर बंदी घालता येते. २००६च्या जर्मनीतल्या विश्वचषकाआधी असे तीन हजारांवर लोक घरी बसवले होते, आणि लाखाच्या घरात इंग्लिश जाऊनही ती स्पर्धा बरीच सुरळीत गेली.

२०१६ वेगळं. दोन दिवस इंग्लिश लोक मार्सेयच्या जुन्या बंदरावर गाणी आणि बाटल्या, नेहमीचं. मग रशियन टोळ्या आल्या: बिनदारूचे, व्यायाम केलेले, हातात मार्शल आर्टवाले हातमोजे. इंग्लंड-रशिया सामना संपल्याची शिट्टी वाजल्यावर व्हेलोद्रोम मैदानातच त्यांनी इंग्लिश स्टँडवर चाल केली, लोक पोराबाळांसकट उड्या मारून पळाले. रशियाच्या एका खासदाराने वर शाबासकी दिली. तिथे जे गंभीर जखमी झाले त्यांतले काही साधे मध्यमवयीन प्रेक्षक होते.

पेठेतला_बॅकी

म्हणजे वस्तादाला चेला भेटला.

जुनीपेठ

चेलाच. ऐंशीच्या दशकात अर्ध्या युरोपातल्या पोरांनी फर्म, कपडे, कार्डं सगळं इंग्लिश बघूनच उचललं. बंदी घालून माल थांबवला, पण निर्यात आधीच झाली होती.

टवाळ

कतारला २०२२मध्ये इंग्लंड आणि वेल्सचा एकही चाहता अटकेत नाही. मैदानात बियर नाही. मी काही बोललो का?

अर्धविराम

कतारचं भाडं, हॉटेल आणि अंतर बघता तिथे पोचले कोण ते पण बघा. टवाळ, एक मुद्दा किती वेळा तळणार?

लीड्सकर

शिवाय दारूवर नजर ठेवणाऱ्यांना इथे दुसऱ्याच गोष्टीने गाठलंय. कोविडनंतर मैदानं उघडली तेव्हापासून सगळ्यात जास्त तक्रार कोकेनची. संडासाच्या फडताळावर रांगा. म्हणून २०२२ला नियम बदलला, सामन्यात कोकेनसारखी अ वर्गाची ड्रग्ज सापडली तरी फुटबॉलबंदी लागू शकते, पासपोर्टसकट. जुने फर्मवाले आता साठीला टेकले, आठवणींची पुस्तकं लिहून विकतात. आता पकडले जातात त्यांत विशीतली, बऱ्या घरची पोरं पुष्कळ दिसतात, कुठल्याही फर्मची नसलेली. नीरजाताई, यांच्यावर कोणी काम केलंय का? टेलर-डनिंगच्या चौकटीत ही पोरं मला कुठेच बसत नाहीत.